राउटरचा हिरवा दिवा

झोपण्याच्या खोलीत, उशापासून मीटरभर अंतरावरच्या फळीवर वायफायचा राउटर बसवला गेला आणि त्यानंतर काही आठवड्यांनी मला पहाटे डोके जड होऊन जाग येऊ लागली. या वाक्यात दोन घटनांना जोडणारा शब्द ‘आणि’ आहे, ‘म्हणून’ नाही, हे आज मला शांतपणे लिहिता येते. त्या दिवसांत मात्र त्या ‘आणि’चे ‘म्हणून’ कधी झाले, ते माझ्या लक्षातही आले नव्हते. अंधारात तो हिरवा दिवा लुकलुकत असे, आणि त्याच्या प्रत्येक लुकलुकण्याबरोबर काहीतरी माझ्या कपाळावर येऊन आदळते आहे असे मला खरोखरच वाटे.

मी एक वही केली. तारीख, झोपेची वेळ, राउटर चालू की बंद, सकाळी डोके दुखले की नाही, अशा चार रकान्यांची. पंधरवड्यात वहीने माझ्या मनासारखा निकाल दिला: राउटर बंद ठेवलेल्या रात्रींनंतर डोके कमी दुखत होते. मी ती वही विजयी मुद्रेने धाकट्या भावापुढे ठेवली. त्याने ती चाळली आणि एकच प्रश्न विचारला. “ताई, राउटर बंद कोण करत होतं? तूच ना?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून पुढचा महिनाभर आम्ही घरातल्या घरात एक प्रयोग केला. राउटरची वीज बाहेरच्या खोलीतील बटणावर घेतली, दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, आणि रात्री भावाने नाणे उडवून छाप आला तर राउटर चालू व काटा आला तर बंद ठेवावा असे ठरले. माझा फोन रात्रभर विमानातल्यासारखा मुका. सकाळी उठल्याबरोबर, भावाचे तोंडही पाहण्याआधी, मी वहीत लिहायचे: आज चालू होता की बंद, आणि डोके कसे आहे. (त्याचे तोंड न पाहण्याचा नियम त्यानेच घातला होता, कारण त्याला खोटे बोलता येत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.) तीस सकाळींपैकी सोळा सकाळी माझा अंदाज बरोबर निघाला. नुसते नाणे उडवूनही साधारण इतकेच बरोबर आले असते. डोके नऊ दिवस दुखले. त्यांपैकी पाच दिवशी राउटर रात्रभर बंद होता.

एका माणसाच्या तीस रात्रींवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्या महिन्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले, आणि वाचताना मला प्रथम जाणवला तो आपल्याच भाषेतील एका शब्दाचा वाटा. वर्तमानपत्रांत मोबाइलच्या मनोऱ्यांविषयी लिहिताना सर्रास ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द येतो. तो ऐकताच मनात हिरोशिमा उभे राहते, चेर्नोबिल उभे राहते. इंग्रजीतील ‘रेडिएशन’ हा शब्द फार ऐसपैस आहे. त्यात दिव्याचा उजेड मावतो, शेकोटीची ऊब मावते आणि युरेनियममधून निघणारे गॅमा किरणही मावतात. आपल्या परिभाषाकारांनी त्यासाठी ‘प्रारण’ असा वेगळा शब्द घडवला होता आणि किरणोत्सर्ग हा अणुगर्भाच्या विघटनासाठी राखून ठेवला होता. प्रारण पाठ्यपुस्तकातच राहिले आणि किरणोत्सर्ग रस्त्यावर आला. भीतीचा निम्मा संसार या एका अदलाबदलीवर उभा आहे, असे माझे मत आहे.

रेडिओलहरी या प्रकाशाच्याच कुळातल्या. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये त्यांचे गणित मांडले आणि हर्ट्‌झ यांनी त्याच शतकात त्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. या कुळातील प्रत्येक सभासद आपली ऊर्जा सुट्या पुड्यांतून देतो, आणि पुडी किती मोठी हे कंपनसंख्येवर, म्हणजे सेकंदाला किती कंपने होतात त्यावर, ठरते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींची एक पुडी, म्हणजे एक फोटॉन, इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणूंच्या जगातील ऊर्जा मोजण्याच्या सूक्ष्म एककाच्या) एक लक्षांश भागाइतकी असते. रेणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढायचा, म्हणजेच क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीत जी मोडतोड करतात ती करायची, तर साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टची पुडी लागते. हे अंतर दहा लाख पटींचे आहे. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला आपल्यातील रेणू एकमेकांना ज्या धडका देत असतात, त्यासुद्धा वायफायच्या फोटॉनपेक्षा हजारो पटींनी जोरकस असतात. मग पुड्यांची संख्या वाढवली तर? लाखभर लोकांनी एकामागून एक फुंकर घातली म्हणून कुलूप उघडत नाही. भोवतालची हवा तेवढी कोमट होते.

ती ऊब मात्र खरी आहे, आणि या विषयातील निर्विवाद असा परिणाम तोच आहे. पर्सी स्पेन्सर हे अभियंते १९४५ मध्ये रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या नळीजवळ, उभे असताना त्यांच्या खिशातील चॉकलेट वितळले, आणि त्यातून पुढे मायक्रोवेव्ह ओव्हन जन्माला आला. लहरींच्या प्रबळ क्षेत्रात शरीराचेही तसेच होऊ शकते. ज्या भागांतून रक्त उष्णता लवकर वाहून नेऊ शकत नाही, त्या डोळ्याच्या भिंगाला आणि पुरुषांच्या वृषणांना त्याचा धोका अधिक असतो. संरक्षणाच्या मर्यादा या उष्णतेवरूनच बेतलेल्या आहेत. साऱ्या शरीराने दर किलोग्रॅममागे ४ वॅट ऊर्जा शोषली, तर आतले तापमान सुमारे एक अंश सेल्सिअसने वाढू शकते. अनायनकारी, म्हणजे रेणूतून इलेक्ट्रॉन उखडू न शकणाऱ्या, प्रारणापासून संरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये हा आकडा आधाराला धरून सामान्य माणसासाठी त्याच्या पन्नासाव्या भागाची, म्हणजे किलोग्रॅममागे ०.०८ वॅटची, मर्यादा सुचवली. फोन कानाला लावताना डोक्याचा छोटा भाग अधिक ऊर्जा शोषतो, त्यासाठी दहा ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर किलोग्रॅममागे २ वॅट ही वेगळी मर्यादा आहे. अमेरिकेत ती एक ग्रॅमच्या सरासरीवर १.६ वॅट आहे.

टीकाकारांचा खरा आक्षेप येथे सुरू होतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुम्ही फक्त उष्णता मोजता, ते म्हणतात. उष्णतेवाचून काही घडत असेल तर ते तुमच्या मापात येणारच नाही. काही निरीक्षणे तशी आहेतही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ४७ निरोगी व्यक्तींच्या कानाला ५० मिनिटे चालू फोन लावून ठेवला होता. आवाज बंद होता, त्यामुळे त्यांना काही ऐकू येत नव्हते. तरीही अँटेनाच्या जवळच्या मेंदूच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग लक्षात आले की मी ‘परिणाम’ या शब्दाच्या जागी मनातल्या मनात ‘अपाय’ हा शब्द वाचत होते. डोळे उघडले तरी मेंदूच्या मागच्या भागातला ग्लुकोजचा वापर वाढतो. शरीरात काही बदलणे आणि शरीराचे काही बिघडणे यांच्यामधली वाट लांब आहे, आणि ती चालून कोणी दाखवल्याशिवाय मुक्कामाला पोचलो असे म्हणता येत नाही.

ज्या शब्दाने जगभर सर्वांत मोठी खळबळ उडवली, तो ‘शक्य’ हा. ३१ मे २०११ रोजी, फ्रान्समधील ल्यों येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओकंपनांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रांना ‘२ ब’ गटात घातले. या गटाचे नाव ‘मानवात कदाचित कर्करोगकारक असणे शक्य’ असे आहे. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्या आहेत, आणि २०१६ पर्यंत मूत्राशयाच्या कर्करोगासंदर्भात कॉफीही होती. मद्य, सूर्यप्रकाश आणि प्रक्रिया केलेले मांस मात्र पहिल्या गटात, निश्चित कर्करोगकारकांत आहेत. त्या यादीविषयी होणारा घोटाळा असा की ती धोका किती मोठा हे सांगत नाही. धोका आहे असे मानायला पुरावा किती भक्कम आहे, एवढेच ती सांगते. ‘२ ब’चा अर्थ साध्या भाषेत असा: पुरावा तोकडा आहे, पण फाइल बंद करण्याइतका तोकडा नाही.

तो तोकडा पुरावा कोणता, हे पाहायला मी ‘इंटरफोन’ या अभ्यासाचे निष्कर्ष वाचले आणि त्यात मला माझीच वही दिसली. तेरा देशांत झालेल्या या अभ्यासाचा मुख्य भाग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूत गाठ झालेल्यांना आणि न झालेल्यांना विचारण्यात आले की गेल्या काही वर्षांत तुम्ही फोन किती वापरला, कोणत्या कानाला लावला. निष्कर्ष विचित्र निघाला. नियमित फोन वापरणाऱ्यांत ग्लायोमा या गाठीचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, गुणोत्तर ०.८१ आले (१ म्हणजे दोन्हीकडे सारखे). फोन गाठीपासून वाचवतो असे कोणीच म्हणत नाही. याचा अर्थ तराजूच्या एका पारड्यात आधीपासूनच काहीतरी पडलेले होते. आणि सर्वांत जास्त वापर सांगणाऱ्या दहा टक्क्यांत, म्हणजे एकूण १,६४० तास किंवा त्याहून अधिक बोललेल्यांत, तेच गुणोत्तर १.४० झाले. या वरच्या गटात दिवसाला पाच तासांहून अधिक वेळ फोनवर बोलत होतो असे सांगणारेही होते. ते खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटत नाही. ज्याच्या डोक्यात गाठ निघाली आहे, तो माणूस रात्र रात्र जागून ‘मलाच का’ या प्रश्नाचे उत्तर शोधत असतो. त्याची आठवण त्याच्या दुःखाच्या बाजूला झुकणारच. ज्या कानाकडे गाठ आहे त्याच कानाला फोन लावत होतो, असे त्याला आठवणे किती स्वाभाविक आहे! मी तर साध्या डोकेदुखीसाठी रकाने आखले होते.

आठवणीवर विसंबायचे नाही, तर आधी नोंद करून पुढे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. डेन्मार्कमध्ये १९८२ ते १९९५ या काळात फोनची जोडणी घेतलेल्या चार लाख वीस हजार ग्राहकांचा असा मागोवा घेतला गेला आणि वाढ दिसली नाही. त्यावरचा रास्त आक्षेप असा की कंपनीच्या नावे फोन असलेले लोक, जे बहुधा सर्वांत जास्त बोलत असत, त्यातून वगळले गेले होते. ब्रिटनमधील सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांचा २०२२ मधील अहवाल, अडीच लाखांहून अधिक लोकांवरचा ‘कॉस्मॉस’ हा २०२४ मधील अभ्यास, यांतही मेंदूच्या गाठींशी संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, ६३ अभ्यासांचा एकत्र विचार करणारा आढावाही २०२४ मध्ये आला आणि त्यानेही हेच सांगितले. पण मला सर्वांत पटणारा पुरावा सर्वांत साधा आहे. फोन नव्हता तेव्हापासून आजवर साऱ्या जगाने तो कानाला लावला. उत्तर युरोपातील देशांत कर्करोगाच्या नोंदी अत्यंत काटेकोर ठेवल्या जातात, आणि तेथे या काळात मेंदूच्या गाठींच्या आलेखाने फोनच्या प्रसाराबरोबर उडी घेतलेली नाही. सिगारेट पसरल्यावर काही दशकांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या आलेखाने काय केले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सपाट रेषेची किंमत कळेल.

उंदरांचा प्रयोग मात्र मी टाळून पुढे जाणार नाही, कारण निर्धास्त लोक तो नेहमी टाळतात आणि घाबरलेले लोक तो अर्धाच सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या अंतिम अहवालात नर घुशींच्या (म्हणजे ‘रॅट’ या मोठ्या उंदरांच्या) हृदयात एका विशिष्ट प्रकारच्या गाठी वाढल्याचा ‘स्पष्ट पुरावा’ नोंदवला आहे. त्या प्राण्यांच्या सर्वांगावर, रोज सुमारे नऊ तास, दोन वर्षे, किलोग्रॅममागे १.५ ते ६ वॅट इतका मारा होता. म्हणजे माणसासाठीच्या सर्वांगाच्या मर्यादेपेक्षा खालचा डोससुद्धा जवळपास वीसपट. माद्यांमध्ये तसा स्पष्ट पुरावा नव्हता, मूषकांमध्येही (म्हणजे ‘माउस’ या लहान उंदरांमध्येही) नव्हता. आणि लहरींचा मारा झालेल्या नर घुशी मारा न झालेल्यांपेक्षा जास्त जगल्या. या शेवटच्या वाक्यावर भाऊ मनसोक्त हसला, मला हसू आले नाही. जास्त जगलेल्या प्राण्यांत म्हातारपणच्या गाठी जास्त दिसणे हे एक स्पष्टीकरण आहे, पण त्याने सगळे फिटत नाही. पुढच्या प्रयोगांनी सोडवायची ही गाठ आहे, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सल्लागारांनी या विषयाचे नव्याने मूल्यमापन व्हावे असे सुचवले आहे, ते मला योग्य वाटते.

पुरुषांच्या शुक्राणूंविषयीही प्रश्न अर्धवट आहे. स्वित्झर्लंडमधील २,८८६ तरुणांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून वीसहून अधिक वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचे प्रमाण कमी दिसले. पण फोन पँटच्या खिशात ठेवण्या-न ठेवण्याशी मात्र संबंध दिसला नाही. लहरी कारण असत्या तर खिशाचा काहीतरी ठसा उमटायला हवा होता. मोबाइलच्या पाचव्या पिढीच्या, म्हणजे ‘फाइव्ह-जी’च्या, लहरींबद्दल तर भीती ज्ञानाच्या कितीतरी पुढे धावली. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये डझनावारी मनोरे जाळले गेले. त्या पिढीच्या उच्च कंपनसंख्येच्या लहरी त्वचेतून मिलिमीटरभरही आत जात नाहीत, ही गोष्ट आग लावणाऱ्यांना कोणी सांगितली असती तरी उपयोग झाला असता का, कोण जाणे.

ज्यांना वायफायचा त्रास ‘जाणवतो’, त्यांच्याकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते, कारण मी त्यांच्यातली होते. २०१० मधील एका आढाव्यात अशा ४६ प्रयोगांचा विचार केला आहे. लहरींचे क्षेत्र कधी चालू आणि कधी बंद हे भाग घेणाऱ्यांपासून लपवलेले असे. त्यांत ११७५ संवेदनशील व्यक्ती होत्या, आणि क्षेत्र खरोखर आहे की नाही हे त्यांना एकूण पाहता ओळखता आले नाही. लक्षणे मात्र खोट्या क्षेत्रातही आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १४७ लोकांपैकी काहींना वायफायच्या धोक्यांवरचा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम दाखवला, नंतर सर्वांना ‘आता वायफाय चालू आहे’ असे सांगून पंधरा मिनिटे बसवले. वायफाय नव्हतेच. निम्म्याहून अधिक लोकांनी त्रास होत असल्याचे सांगितले. हे सारे ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकले जाते, तेव्हा मला राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच म्हटले आहे की ही लक्षणे खरी आहेत. माझे डोके खरोखरच दुखत होते. त्या दुखण्याचा पत्ता मी चुकीचा लिहिला होता, एवढेच.

भावाने एकदा कागदावर हिशेब केला. राउटरची शक्ती ०.१ वॅट धरली, तर मीटरभर अंतरावर दर चौरस मीटरला ०.००८ वॅट, मर्यादा १० वॅट. म्हणजे मर्यादेच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि तेही राउटर अखंड बोलत राहिला तर. अंतर दुप्पट केले की दर चौरस मीटरवर पोचणारी शक्ती चौथाई होते, या एकाच नियमाने माझी सगळी भीती उलटी ठरवली. मी दूरच्या राउटरला घाबरत होते आणि कानाला चिकटलेल्या फोनवर, लिफ्टमध्ये, जेथे सिग्नल क्षीण असतो तेथे, अर्धा अर्धा तास बोलत होते. सिग्नल क्षीण असला की फोन अधिक जोराने ओरडतो; मनोरा जवळ असला की कुजबुजतो. मनोरा घरापासून लांब हलवण्यासाठी सह्या गोळा करणाऱ्यांच्या डोक्याला त्यामुळे फोनचीच अधिक लहर मिळण्याची शक्यता असते. हे मी एका सह्या गोळा करणाऱ्या ओळखीच्या बाईंना सांगून पाहिले. त्यानंतर त्या माझ्याशी फारशा बोलत नाहीत.

मी आता लांब बोलायचे असेल तर इअरफोन लावते. त्याला काही खर्च नाही, आणि २००० मध्ये ब्रिटनमध्ये सर विल्यम स्ट्युअर्ट यांच्या समितीने मुलांच्या अनावश्यक कॉलबाबत जी सावधगिरी सुचवली, तिच्यातील शहाणपण मला आजही पटते: न जाणो, आणि फार त्रासाचेही नाही. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी फोन छातीच्या खिशात न ठेवता पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा, हे तर डॉक्टरच सांगतात. परंतु फोनमुळे होणारा जो अपाय मोजून दाखवता आला आहे, तो लहरींचा नाहीच. टोरंटोतील ६९९ वाहनचालकांच्या नोंदींवरून १९९७ मध्ये दिसले की फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता चौपट होते, आणि फोन हातात न धरता बोलल्यानेही ती घटत नाही. या आकड्यावर मी कोणालाही सह्या गोळा करताना पाहिलेले नाही.

पहाटेची डोकेदुखी गेल्या काही महिन्यांत बरीच कमी झाली. त्याच महिन्यांत चष्म्याचा नंबर बदलला, रात्री अंथरुणात फोन वाचणे थांबले, उशी नवी आली आणि ऋतूही पालटला. वहीच्या शेवटच्या पानावर मी हे सगळे लिहून ठेवले आहे, मध्ये फक्त ‘आणि’ घालून. राउटर त्याच फळीवर आहे. दिव्यावरची काळी चिकटपट्टी मात्र काढलेली नाही. खोलीत अंधार असला की मला झोप बरी लागते.